मदत हवी आहे : हॅम-चीज पफचा तळ ओलसर राहतो, उपाय सुचवावा

नमस्कार मंडळी,

मी खानापुरात राहते आणि घरगुती ऑर्डर घेऊन खारी व पफ करून बेळगावला पोहोचवते. भाजीचा आणि अंड्याचा पफ आमच्याकडे कोणत्याही बेकरीत मिळतो. परंतु बेळगावच्या कॅम्प भागातील आणि गोव्याशी सोयरीक असलेल्या काही घरांतून नाताळच्या सुमारास हॅम-चीज पफची मागणी येत असे, ती आता वर्षभर येऊ लागली आहे. हा पदार्थ मला मनापासून आवडतो आणि तो उत्तमच व्हावा अशी इच्छा आहे, म्हणून जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

अडचण अशी की, त्याच कणकेचा आणि त्याच घड्यांचा भाजीचा पफ तळापर्यंत खुसखुशीत होतो, मात्र हॅम-चीज भरलेल्या पफचे वरचे पदर सुटे आणि सोनेरी होऊनही खालचे दोन-तीन पदर एकमेकांना चिकटून ओलसर राहतात. मी मैद्याच्या कणकेत लोण्याची लादी गुंडाळून तीनपदरी घडी सहा वेळा घालते, म्हणजे हिशेबाने लोण्याचे ७२९ थर पडतात. भट्टीच्या उष्णतेने कणकेतल्या आणि लोण्यातल्या पाण्याची वाफ होते, ती पदरांना वर उचलते आणि मधली चरबी त्यांना चिकटू देत नाही, एवढे तत्त्व मला ठाऊक आहे. ओव्हन २०० अंशांवर आधी नीट तापवलेला असतो आणि तयार पफ भाजण्यापूर्वी फ्रीजमध्ये घट्ट केलेले असतात.

माझा संशय सारणावर आहे. हॅम मिठाच्या पाण्यात मुरवलेले असते आणि तापताच त्यातले पाणी सुटते. त्यात चीज मोझरेला असेल तर तेही ओल सोडते. बटाट्याच्या भाजीतला पिष्टांश ही ओल धरून ठेवतो, तसे धरणारे हॅम-चीजमध्ये काहीच नाही, त्यामुळे सगळे पाणी तळाच्या कच्च्या पदरात उतरत असावे. प्रक्रिया केलेले डब्यातले चीज वापरले तर ओल कमी होते, पण ते आणि हॅम दोन्ही खारट, शिवाय लोणीही मीठ घातलेले, त्यामुळे चव बिघडते. बिनमिठाचे लोणी घेतल्यावर खारटपणा आटोक्यात आला. तळाचा प्रश्न तसाच आहे.

यावर मला तीन मार्ग सुचतात. हॅम बारीक चिरून तव्यावर कोरडे परतावे आणि दूध-मैद्याच्या घट्ट, पूर्ण गार केलेल्या पांढऱ्या सॉसमध्ये चीजसह कालवावे. किंवा तळाच्या पदरावर खारीचा बारीक चुरा पसरून त्यावर सारण ठेवावे. किंवा ओव्हनमध्ये ट्रे आधीच तापवून गार पफ थेट त्यावर ठेवावेत, म्हणजे तळाला पहिल्या क्षणापासून आच मिळेल. ज्यांनी यांपैकी काही प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सांगावे की पांढऱ्या सॉसमुळे पफ जड होतो का, आणि चुरा खाताना जाणवतो का. माझा ओव्हन घरगुती, खाली-वर सळया असलेला आहे. फक्त खालची सळई शेवटपर्यंत चालू ठेवली तर तळ करपेल अशी भीती वाटते.

काही बेकरीवाले लोण्याऐवजी पफचे मार्गारीन वापरण्याचा सल्ला देतात. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळते आणि मार्गारीन त्याहून अधिक तापमानापर्यंत टिकते, म्हणून उन्हाळ्यात लाटणे सोपे जाते हे खरे. परंतु ते तोंडात पूर्ण विरघळत नाही आणि टाळ्याला मेणासारखा थर राहतो. म्हणून लोणी सोडण्याची माझी तयारी नाही.

दुसरा प्रश्न पोहोचवण्याचा आहे. खानापूर ते बेळगाव सुमारे २५ किलोमीटर, आणि आमच्याकडचा पावसाळा किती दमट असतो हे या भागातल्या सर्वांना माहीत आहे. गरम पफ डब्यात बंद केले तर वाफेने मऊ पडतात आणि उघडे गार होऊ दिले तर हवेतली ओल शोषतात. शिवाय मांसाचे सारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान फार वेळ राहणे सुरक्षित नाही, त्यामुळे सकाळी भाजून दुपारी देणे मला पटत नाही. त्यापेक्षा न भाजलेले, गोठवलेले पफ बर्फाच्या पेटीतून द्यावेत आणि गिऱ्हाइकांनी घरीच भाजावेत, असा विचार आहे. असे पफ गोठलेल्या अवस्थेतच ओव्हनमध्ये घालावेत की फ्रीजमध्ये थोडे सैल होऊ द्यावेत, आणि गोठवलेल्या सारणाची ओल तळाला अधिक त्रास देते का, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का? वीज गेल्यावर फ्रीजरमधले पफ अर्धवट वितळले तर मी ते पुन्हा न गोठवता लगेच भाजते. त्यांचे पदर कमी सुटतात, त्यावरही काही उपाय असल्यास कळवावा.