१२ व्होल्टच्या बॅटरीतून प्लस-मायनस सप्लाय कसा काढावा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

दिंडीसाठी पेटीचा (हार्मोनियमचा) प्रीॲम्प जुळवतोय. पेटीला आतून पिझो चकती (कंपनं टिपून सिग्नल देणारी) चिकटवली आहे. तिचा सिग्नल टीएल०७२ या ऑपॅम्प आयसीनं (सिग्नल वाढवणारी चिप) वाढवायचा आणि छोट्या ॲम्प्लिफायर बोर्डाला द्यायचा. वाटेत वीज नसते, त्यामुळे ॲम्प्लिफायरसकट सगळं एकाच १२ व्होल्ट, ७ एएचच्या सीलबंद बॅटरीवर चालायला हवं. प्रीॲम्पचा तयार बोर्ड मात्र प्लस, ग्राउंड आणि मायनस अशा तीन वायरी मागतो.

सध्या १० के (किलोओहम) चे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये लावून मधला बिंदू ग्राउंड (शून्य व्होल्ट) धरला आहे. दोन्हींवर १०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आहेत. नुसतं मोजलं तर +६.२ आणि −६.२, अगदी सारखं. बोर्ड जोडला की +२.६ आणि −९.८! पेटी जोरात वाजली की आवाज फाटतो. आयसी जेमतेम तीन मिलिअँपियर घेतो, मग मधला बिंदू एवढा का सरकतो? आणि प्लसपासून मायनस व्होल्टेज बनवणारा आयसीएल७६६० लावला तर चालेल का? पेटीचा मूळ गोडवा लोकांपर्यंत जसाच्या तसा पोचावा एवढीच इच्छा आहे.

प्रतिसाद

आयसीचा करंट प्लसमधून थेट मायनसला जातो, मधल्या बिंदूला त्याचा त्रास नाही. बोर्डावर प्लस आणि ग्राउंडमध्ये एलईडी आहे का?

धागाकर्ता

हो, लाल आहे, १ के रेझिस्टरसोबत.

प्रतिसाद

मग तोच. मधल्या बिंदूकडून पाहिलं तर तुमचे दोन रेझिस्टर मिळून ५ के होतात. एलईडीतून साधारण ०.७२ मिलिअँपियर जातो, गुणिले ५ के म्हणजे ३.६ व्होल्ट. ६.२ अधिक ३.६ बरोबर ९.८, तुमच्या मीटरनं दाखवलं तेवढंच. वर उरलेल्या २.६ मध्ये टीएल०७२ चं आउटपुट वरच्या बाजूला व्होल्टभरही नीट हलू शकत नाही, म्हणून आवाज फाटतो. एलईडी प्लस आणि मायनसमध्ये लावा, रेझिस्टर २.२ के करा.

पण खरी अडचण पुढे आहे. ॲम्प्लिफायर त्याच बॅटरीवर असेल तर त्याच्या इनपुटचं ग्राउंड म्हणजे बॅटरीचं मायनस. तुमचं ग्राउंड त्याच्या ६ व्होल्ट वर. ऑडिओ वायरची शील्ड (ग्राउंडला जोडलेली बाहेरची जाळी) जोडली की खालचा रेझिस्टर शॉर्ट होणार आणि प्रीॲम्पची मायनस बाजू शून्यावर येणार. मधला बिंदू ऑपॅम्प लावून कितीही भक्कम केलात तरी हे सुटत नाही.

म्हणून माझं मत: बॅटरी अर्धी करू नका, उलटं (मायनस) व्होल्टेज वेगळं तयार करा. ग्राउंड बॅटरीचं मायनसच राहतं, आणि पूर्ण प्लस-मायनस १२ मिळतात. आयसीएल७६६० नको, तो १० व्होल्टपर्यंतचाच. शिवाय तो १० किलोहर्ट्झवर चालतो, ती शिट्टी ऐकू येते. त्याच कामाचा एलटी१०५४ घ्या: १५ व्होल्टपर्यंत चालतो, १०० मिलिअँपियर देतो आणि २५ किलोहर्ट्झच्या आसपास स्विच होतो, म्हणजे कानाच्या पलीकडे.

धागाकर्ता

एलईडी हलवला, आता दोन्हीकडे ६.२ आहे. मनापासून आभार! एलटी१०५४ ला कपॅसिटर कसे लावू?

प्रतिसाद

पिन २ आणि ४ मध्ये एक, प्लस टोक २ ला. दुसरा पिन ५ आणि ग्राउंडमध्ये, पण इथे प्लस टोक ग्राउंडला, कारण आउटपुट निगेटिव्ह आहे. हे उलटं लागलं तर कपॅसिटर फुटतो, तेव्हा सप्लाय देण्याआधी दोनदा तपासा. टीएल०७२ प्लस आणि या निगेटिव्हच्या मध्ये बसतो, त्यामुळे सुरू होताना पिन ५ ग्राउंडपेक्षा वर, प्लसकडे खेचली जाऊ शकते. ते टाळायला १एन५८१७ डायोड लावा, एनोड पिन ५ ला, कॅथोड ग्राउंडला. प्रीॲम्पकडे जाताना १०० ओहम आणि १०० मायक्रोफॅरडचा फिल्टर ठेवला की उरलेली खरखर जाते. पुण्यात असाल तर पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत विचारा, मुंबईत लॅमिंग्टन रोड. बॅटरी १०.५ व्होल्टपर्यंत उतरली तरी हे चालेल, त्याखाली मात्र बॅटरी जाऊ देऊ नका.