बायोडायनॅमिक शेतात औषधी वनस्पती: सुरुवात कशी करू?

शेवंता: नमस्कार मंडळी. तीन वर्षं बायोडायनॅमिक पद्धतीने, म्हणजे रासायनिक खतांशिवाय आणि खास तयार केलेली नैसर्गिक मिश्रणं वापरून, भाजीपाला घेतेय. आता वीस गुंठ्यांवर तुळस, अश्वगंधा, शतावरी आणि कॅमोमाईल लावायचा विचार आहे. चारही एकदम लावू का? शिंगखत (बीडी ५००, गाईच्या शिंगात शेण भरून जमिनीत पुरून केलेलं खत) भाजीला देते तसंच द्यायचं? आणखी एक, मागे थोडी तुळस वाळवून पाहिली, तर ती काळी पडली आणि वासही गेला. कुठे चुकलं असेल?

काळी_माती: शेवंताताई, चारही लावा, पण सगळ्यांना एकाच मापाने खाऊ घालू नका. अश्वगंधेला भाजीएवढं कंपोस्ट दिलंत तर ती नुसती पाल्यात वाढेल आणि मूळ बारीक राहील. आपल्याला हवंय ते मूळ! तिला हलकी, निचऱ्याची जमीन द्या, पाणी साचलं की मूळ कुजतंच. पाच-सहा महिन्यांनी पानं वाळू लागतात, फळं लाल होतात, तेव्हा उपटा. नीट वाळलेलं मूळ वाकवलं की कट्कन मोडतं आणि आतून पांढरं, पिठूळ दिसतं.

शतावरीची मुळं काढायला दीड-दोन वर्षं लागतात, म्हणून तिला रोज खणाखणी होणार नाही अशी कडेची जागा ठेवा. वेलीला आधारही लागेल.

शिंगखताचं प्रमाण आम्ही एकरी २५ ग्रॅम धरतो, म्हणजे तुम्हाला साधारण १२ ग्रॅम पुरेल. सात-आठ लिटर कोमट पाण्यात तासभर ढवळायचं. खोल भोवरा झाला की दिशा उलटी करायची. संध्याकाळी, जमिनीत ओल असताना शिंपडा. बीडी ५०१ (शिंगात पुरून ठेवलेली गारगोटीची पूड) मात्र सकाळी पानांवर, आणि रोपं नीट रुजल्यावरच. पाण्याचा ताण असलेल्या पिकावर ते मारू नका.

पानफूल: तुळशीबद्दल सांगते. कापून टोपलीत दाबून ठेवली होती का? तासाभराने ढिगात हात घालून बघा, आत गरम लागतं. काळेपणा तिथेच सुरू होतो. दव सुकल्यावर, मंजिऱ्या येऊ लागताना कापा आणि लगेच सावलीत, जाळीच्या चौकटीवर एकेरी थरात पसरा. हवा खेळती हवी. कृत्रिम उष्णता दिलीत तर ४० अंशांच्या वर नको, सुगंधी तेल उडून जातं. काडी कडकडीत मोडली की मगच भरा.

कॅमोमाईल जरूर लावा. त्याची फुलं औषधालाही आणि बीडी ५०३ या कंपोस्टमध्ये घालायच्या मिश्रणालाही लागतात. ही पद्धत मांडणारे रुडॉल्फ स्टायनर यांनी १९२४ च्या व्याख्यानांत कंपोस्टसाठी सांगितलेल्या वनस्पतींत यॅरो, खाजकुयलीसारखी आग करणारी नेटल, डँडेलियन आणि व्हॅलेरियनही आहेत. त्यांचा एक छोटा वाफा शेतातच असावा असं मला मनापासून वाटतं.

काळी_माती: या पद्धतीत चंद्राच्या स्थितीवरून पेरणी-कापणीचे दिवस ठरवतात, त्याचं राहिलं. मी पेरणीला ते पाळतो, पण त्याने औषधी गुण वाढतात हे पक्कं सिद्ध झालेलं नाही. दिवस चांगला आणि पाला दवाने भिजलेला असेल, तर मी कापणी पुढे ढकलतो.

शेवंता: दोघांचेही आभार! टोपलीचं अगदी बरोबर ओळखलंत, सकाळी कापलेली तुळस दुपारपर्यंत दाबून ठेवली होती. आता आधी चौकटी बनवते, मग रोपं. शतावरीला बांधाकडेची पट्टी ठरली. पानफूल, जाळी जमिनीपासून किती वर ठेवता?

पानफूल: कमरेएवढी. खालूनही वारा लागला पाहिजे, आणि वाकून पाला उलटायचा त्रास होत नाही.