बर्फीला घेऊन पहिली मोटरहोम रॅली, कोणी गेलंय का?

प्रेषक: बर्फीची आई (सध्या प्रताप नगर, नागपूर)

नमस्कार मंडळी,

मी डिसेंबरपासून नागपुरातच आहे, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून आले होते, आणि येतानाच ठरवलं होतं की परत ब्रिटनला जाताना बर्फीला घेऊनच जायचं. बर्फी म्हणजे आमची गावठी कुत्री, चार वर्षांची, १८ किलो, सेमिनरी हिल्सच्या रस्त्याकडेला पिल्लू असताना सापडली होती. मी तिकडे गेल्यापासून आईबाबांजवळच आहे, पण आता तिला फिरवायला नेणं दोघांच्याही आवाक्यात राहिलेलं नाही.

कागदपत्रांचं बरंचसं झालं. मायक्रोचिप, मग रेबीजची लस, मग ३० दिवस थांबून लस लागू पडली का ते बघायला रक्त दिलं, रिपोर्ट ०.५ च्या वर, म्हणजे पास, आला, आता रक्त घेतल्याच्या तारखेपासून ३ महिने पूर्ण व्हायची वाट बघून राहिलो. एप्रिलच्या शेवटी निघू.

खरा प्रश्न पुढेच आहे. ह्यांनी तिकडे सेकंडहँड मोटरहोम (आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी) घेतली आणि मे महिन्यातल्या शेवटच्या बँक हॉलिडेच्या (तिकडची सार्वजनिक सुट्टी) रॅलीचा फॉर्म भरूनही टाकला, तीन रात्री! घरी सांगितलं तर बाबांनी विचारलं कोणत्या पक्षाची रॅली, मग त्यांना सगळं समजावलं की एका शेतात चाळीस-पन्नास गाड्या येतात, लोक तिथेच गाडीत राहतात, चहा पितात, गप्पा मारतात. आता बर्फीचं बघा, एका महिन्यात विमान, नवा देश, नवं घर, थंडी, आणि त्यावर हे. फटाक्यांना तर ती एवढी घाबरते की दिवाळीचे चार दिवस दिवाणाखालून बाहेर येत नाही, पाणीही तिथेच द्यावं लागतं. ह्यांनी फॉर्ममध्ये "कुत्रा आहे" एवढंच लिहिलंय. घाबरते हे कळवायचं का? कळवलं तर येऊ नका म्हणतील का? आणि नेऊच नये असं वाटत असेल तर तेही स्पष्ट सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही.

बर्फीची आई

---

प्रेषक: शेरूची काकू (सध्या धरमपेठ, नागपूर)

अगं, मी पण फेब्रुवारीअखेरपर्यंत इथेच आहे, धरमपेठेत! आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते कारण माझ्या मते सगळं त्यातच आहे. कळव. आजच कळव. मार्शलला, म्हणजे रॅलीची व्यवस्था बघणाऱ्याला, ईमेल कर की कुत्री नवीन आहे, भारतातून आली आहे, मोठ्या आवाजाला घाबरते, आम्हाला कडेची जागा मिळेल का. आम्ही हे कळवलं नव्हतं, आणि काय झालं ते सांगते.

आमची पहिली रॅली, शेरू तेव्हा तीन वर्षांचा. फॉर्मवर "आणखी काही सांगायचं आहे का" असा रकाना होता तो आम्ही कोरा सोडला, म्हंटलं आपणच एकटे देशी लोक, पहिल्यांदाच चाललोय, त्यात आपलाच कुत्रा भित्रा असं कशाला सांगा. जागा मिळाली अगदी मधोमध, एका बाजूला चहाचा तंबू आणि दुसऱ्या बाजूला पाण्याचा नळ, म्हणजे दिवसभर दारावरून माणसं. शेरू शुक्रवारी संध्याकाळपासून भुंकत होता आणि शनिवारपर्यंत थकून गप्प झाला, आम्हाला वाटलं रुळला. रात्री दहाला जवळच्या गावात कुठेतरी लग्नाचे फटाके सुरू झाले, मी नेमकं तेव्हाच कचरा टाकायला दार उघडलं, आणि तो माझ्या पायातून निघाला, गळ्यातला पट्टा ह्यांच्या हातात राहिला, कुत्रा अंधारात. पुढचे चार तास मी आयुष्यात विसरणार नाही. सगळे बिचारे टॉर्च घेऊन बाहेर आले, हाका मारत होते, आणि तो आणखी लांब जात असणार कारण त्याच्यासाठी ते सगळे अनोळखी आवाज. शेवटी मार्शल बाई आल्या, सत्तरीच्या असतील, त्यांनी सगळ्यांना परत पाठवलं. मला म्हणाल्या, गाडीचे सगळे दिवे लावा, दार उघडं ठेवा, ह्यांच्या अंगातला स्वेटर पायरीवर टाका, तुम्ही दोघं खुर्च्या टाकून बसा आणि एकमेकांशी रोजच्यासारखं बोला, त्याला हाका मारू नका. आम्ही बसलो. काय बोलायचं ते सुचेना म्हणून मी किराण्याची यादी बोलत होते. सव्वादोनला तो आला आणि स्वेटरवर डोकं ठेवून झोपला. सकाळी बाई एवढंच म्हणाल्या की आधी सांगितलं असतं तर मी तुम्हाला पार टोकाला, कुंपणाजवळ, जागा दिली असती. त्यांनी "येऊ नका" म्हंटलं नसतं, अगं!

म्हणून सांगते, लाजू नको.

आता बाकीचं, सुचेल तसं लिहिते.

रॅलीच्या शेतात सोयी म्हणजे फक्त पाण्याचा नळ आणि केमिकल टॉयलेट रिकामं करायची जागा, बहुतेक ठिकाणी वीज नसते, कचऱ्याचा डबासुद्धा असेलच असं नाही. १९६० च्या कायद्यात मान्यताप्राप्त क्लबांना सभासदांसाठी ५ दिवसांपर्यंत असा मेळावा घ्यायला सवलत आहे, म्हणून साधं गवताचं रान चालतं. तर बर्फीच्या शीच्या पिशव्या भरपूर ने, आणि भरलेल्या परत घरी आणायची तयारी ठेव.

दोन गाड्यांमध्ये ६ मीटर अंतर ठेवायला लावतात, आगीच्या भीतीने. ते नीट लक्षात घे कारण तू दाराशी ५ मीटरची दोरी बांधलीस तर बर्फी शेजाऱ्याच्या दारात पोचते. दोन मीटरच्या वर नको. आणि फक्त गळ्यातल्या पट्ट्यावर विसंबू नको, हार्नेस वेगळा आणि पट्टा वेगळा, दोन्हींना दोरी, शेरू निसटला तो एकाच पट्ट्यामुळे. पट्ट्यावर नाव-पत्त्याचा बिल्ला तिकडे कायद्याने लागतोच.

प्रवासात मागच्या सोफ्यावर मोकळी सोडायची नाही, तिकडच्या हायवे कोडचा, म्हणजे वाहतुकीच्या नियमांचा, ५७ वा नियमच आहे की कुत्रा बांधलेला हवा. बेल्ट असलेल्या सीटवर हार्नेसने, नाहीतर पक्का बसवलेला पिंजरा. ह्यांना हेही सांग की साध्या लायसन्सवरच्या गाड्या भरलेल्या जास्तीत जास्त ३५०० किलोच्या असतात आणि त्या वजनात बर्फीचे १८ किलो, तिचा पिंजरा, आणि टाकीतलं पाणी लिटरला किलो धरून सगळं मोजायचं. आम्ही एकदा वजनकाट्यावर नेली तर आमचा काटा अगदी कडेला होता, तेव्हापासून टाकी निम्मीच भरून निघतो आणि तिथे गेल्यावर नळावर भरतो.

ऊन. हसू नको, नागपूरची माणसं तिकडच्या उन्हाला ऊन म्हणत नाहीत, मीही म्हणत नव्हते. पण बाहेर २२ डिग्री असेल तरी बंद गाडीत तासाभरात ४७ पर्यंत जाऊ शकतं, आणि ४७ म्हणजे काय ते तुला-मला सांगायला नको, ते आपण मे महिन्यात इथल्या गच्चीवर बघितलंय. सकाळी सगळे कॉफीला जमतात त्या कॉफी मॉर्निंगला जाताना "दहाच मिनिटं" म्हणून तिला आत बंद करून जायचं नाही. सोबत ने, कुत्र्यांना कोणी काही म्हणत नाही, उलट अर्ध्या ओळखी तिच्यामुळेच होतील. कुठली जात विचारतील सगळे. सरळ सांगायचं, देशी, नागपूरची.

शनिवारी रात्री बऱ्याचदा सगळे आपापले पदार्थ आणून एकत्र जेवतात. तू कांदाभजी करशील, माझीही तीच असतात, पण कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट हे कुत्र्यांना विषारी, आणि नवी माणसं प्रेमाने ताटातलं देतात. आपल्या शिऱ्यातही बेदाणे असतात! बर्फीच्या हार्नेसला "खायला देऊ नका" अशी चिठ्ठी लाव, कोणाला राग येत नाही.

गोचीड इथल्यासारखेच तिकडच्या गवतातही असतात, विशेषतः मेंढ्यांच्या कुरणात, आणि तिकडे त्यांच्यामुळे लाइम रोग होतो. रोज रात्री कानामागे, बगलेत, बोटांच्या मधे हात फिरवून बघायचं. कुंपणापलीकडे मेंढ्या असतील तर दोरी हातातून सुटता कामा नये, कुत्रा मेंढ्यांमागे लागला तर मालकावर केस होते, १९५३ चा कायदा आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तालीम इथेच सुरू कर, तीन महिने आहेत हातात. मोटरहोमची पायरी लोखंडी जाळीची असते, कुत्र्यांना तिच्यातून खाली जमीन दिसते आणि पाय टाकत नाहीत, शेरूला आम्ही सहा महिने उचलून चढवला. तुमच्या बाजूच्या बिल्डिंगला तसा जिना आहे का बघ. कोणी ओळखीचे ट्रॅव्हल्सवाले असतील तर त्यांची उभी ट्रॅव्हलर अर्धा तास माग, आत बसून तिला जेवण दे, दुसऱ्या आठवड्यात इंजिन सुरू करून दे. संध्याकाळी फुटाळा तलावाच्या काठावर ने, गर्दीपासून लांब खुर्ची टाकून बस, ती आडवी होईपर्यंत उठू नको, रोज पाच पावलं जवळ. मार्चनंतर मात्र सकाळी सहालाच, डांबर तापतं.

फोन कर, मी येते तुझ्याकडे, मला बर्फीला बघायचंच आहे.

शेरूची काकू

---

प्रेषक: बर्मिंगहॅमहून, दोन लॅब्रॅडॉर असलेला

काकूंचं सगळं पटलं, एका गोष्टीत माझं मत वेगळं आहे. पहिल्यांदाच थेट तीन रात्रींची रॅली नको. त्याआधी एक रात्र सीएल वर काढा, म्हणजे कॅरव्हान अँड मोटरहोम क्लबच्या छोट्या जागा असतात, शेतकऱ्याच्या रानात, एका वेळी जास्तीत जास्त ५ गाड्या, फक्त सभासदांना. शांत असतं. गाडीत पहिल्यांदा झोपताना कुत्रं रात्री छपरावरच्या पावसाच्या आवाजालाही दचकतं, पत्रा वाजतो ना, ते पन्नास गाड्यांच्या मधे पहिल्यांदा घडण्यापेक्षा तिथे घडलेलं बरं. घराच्या जवळची जागा घ्या, जमलं नाही तर मध्यरात्री घरी जाता येईल, आम्ही एकदा पहाटे दोनला सामान आवरून आलोय आणि त्यात काही कमीपणा वाटला नाही.

अजून एक, चिपची नोंद इकडच्या डेटाबेसवर तुमच्या इकडच्या पत्त्याने आणि मोबाइलने लगेच करून घ्या. भारतातला नंबर राहिला तर कुत्रं सापडलं तरी फोन नागपूरला जाईल. आणि निघायच्या आधी टेपवर्मचं (पोटातल्या जंतांचं) औषध विसरू नका, पोचायच्या २४ ते १२० तास आधी डॉक्टरकडूनच, कागदावर वेळेसकट. कुत्र्याला विमानात कार्गोनेच आणावं लागतं, आणि तुम्ही स्वतः तिच्या आगेमागे ५ दिवसांच्या आत या.

---

प्रेषक: शेरूची काकू

सीएलचं अगदी बरोबर, मी लिहायला हवं होतं. पण रॅली रद्द करू नकोस गं. सीएलवर पाच गाड्या असतात, कुत्रं हरवलं तर शोधायला दहा माणसं. रॅलीत सगळं शेत उठलं होतं आमच्यासाठी.

---

प्रेषक: बर्फीची आई

काकू, दादा, खूप खूप आभार, आणि उशीर झाला त्याबद्दल माफ करा, बाबांची फिजिओथेरपी सुरू होती.

मार्शलना ईमेल केला त्याच रात्री. सगळं खरं लिहिलं, दिवाणाखालचंही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की कुंपणाकडची शेवटची जागा तुमच्यासाठी ठेवतो, शुक्रवारी उजेड असतानाच पोचा म्हणजे आधी तिला सगळ्या शेताला एक फेरी मारून आणता येईल, आणि त्या शनिवार-रविवारी आजूबाजूला कुठे कार्यक्रम आहेत का ते आम्ही गावात विचारून ठेवू. मी ते वाचून रडलेच. सीएलही बुक केली, आमच्या घरापासून पंचवीस मिनिटांवर, रॅलीच्या दोन आठवडे आधी.

तालमीचं सांगते. फुटाळ्यावर चौथ्या दिवशी आडवी झाली. लोखंडी जिन्यावर अजूनही तिसऱ्या पायरीला थांबते, मी जुन्या पायपुसण्याचे तुकडे बांधलेत पायऱ्यांवर, ते चालतंय, तसंच गाडीच्या पायरीवर बांधायला ह्यांना कळवलंय. ट्रॅव्हलर बाबांच्या मित्राच्या मुलाने दिली. पहिल्या दोन दिवशी बर्फी दारातच बसली, आत यायलाच तयार नाही, मी चिकन दाखवलं, आईने पोळी दाखवली, काही नाही. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले मला घेऊन चला. वॉकर धरून, एकेक पायरी, मी आणि ड्रायव्हर दोन्हीकडून, चढायला दहा मिनिटं लागली असतील, आणि ते सीटवर टेकले तशी बर्फी एका उडीत आत आणि त्यांच्या पायाशी.

त्यानंतर रोज बाबा येतात. इंजिन सुरू केलं तरी उठत नाही आता.

काकू, तुम्ही स्वेटरचं लिहिलं होतं ते मी घरी वाचून दाखवलं. बाबांनी काल त्यांची खाकी शाल काढून दिली, दिवाणावर असते ती, बर्फीच्या केसांनी भरलेली. आई धुवायला घेऊन चालली होती तर म्हणाले, राहू दे तशीच. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून बॅगेत ठेवलीय.