मदत हवी आहे: एक फोन, ३८ मुले आणि प्लिकर्सची कार्डे

गणितवर्ग
नमस्कार मंडळी. सातवीचा वर्ग, पट ३८. मुलांकडे फोन नाहीत, प्रोजेक्टर नाही. माझा एक अँड्रॉइड फोन आहे आणि वर्गात इंटरनेट बऱ्यापैकी चालते. अपूर्णांकांची बेरीज कोणाला खरोखर कळली आणि कोण नुसती मान हलवते आहे, हे त्याच तासाला समजायला हवे, म्हणून प्लिकर्स सुरू केले आहे. (मुलाने छापील कार्ड फिरवून धरायचे, आपण फोनच्या कॅमेऱ्याने उत्तरे टिपायची.)

अडचणी अशा: मागच्या दोन रांगांतली कार्डे वाचलीच जात नाहीत. एका पानावर चार छापून लॅमिनेट केली आहेत. दुसरे, बरोबर उत्तर ए असताना बऱ्याच मुलांचे सी दिसते. तोंडी विचारले तर तीच मुले ए सांगतात. तिसरे, प्रश्न दाखवायला पडदा नाही. काय करावे?

खडूफळा
सर, आधी ए-सीचा घोळ मिटवा, नाहीतर बाकीची सगळी माहिती कुचकामी. कार्डाच्या चार कडांना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी असते आणि निवडलेली कड वर ठेवायची असते. ए च्या समोर सी, बी च्या समोर डी. मूल कार्ड स्वतःकडे धरून ए वर आणते, इथवर बरोबर. मग तुमच्याकडे वळवताना पुस्तकाच्या पानासारखे वळवले तर ए वरच राहतो. भिंतीवरच्या कॅलेंडरचे पान उलटावे तसे खालून वर उलटले, की वरची कड खाली जाते आणि फोन सी वाचतो. मुलाचे गणित बरोबर, हात चुकला.

उपाय सोपा आहे. कार्ड उजेडाकडे धरा आणि पुढे ज्या कडेला जे अक्षर आहे, तेच मागच्या बाजूला त्याच कडेला पेन्सिलीने बारीक लिहा. मुलाने कार्डाचे तोंड पहिल्यापासून तुमच्याकडे ठेवायचे आणि मागचे अक्षर वाचून फिरवायचे. उलटणे आलेच नाही. ठळक मार्कर नको, मागच्या बाकावरून उत्तर वाचता येते.

खरा प्रश्न विचारण्याआधी एक फेरी "सगळ्यांनी ए धरा", दुसरी "सगळ्यांनी डी धरा" अशी घ्या. ज्यांचे उलटे येईल त्यांची नावे लगेच दिसतील.

प्रयोगवही
मागच्या रांगांचे कारण तुम्हीच लिहिले आहे: एका पानावर चार. मूळ पीडीएफमध्ये ४० कार्डांचा संच एका पानावर दोन असा आहे, म्हणजे २० पाने. तेवढाच आकार ठेवा. लहान केले की लांबून आकृतीचे चौकोन एकमेकांत मिसळतात.

चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटची पांढरी तिरीप पडते आणि तेवढा काळा भाग कॅमेऱ्याला पांढरा दिसतो. जाड कार्डशीटवर लेझर प्रिंट काढा किंवा साध्या कागदावर काढून पुठ्ठ्यावर चिकटवा. प्लास्टिक हवेच असेल तर मॅट. फिकट झेरॉक्स टाळा, काळा रंग भरीव हवा. कापताना आकृतीभोवतीची पांढरी पट्टी राहू द्या. ती गेली की मागचा गडद शर्ट आकृतीत मिसळतो. मुलांनी कार्ड खालच्या दोन कोपऱ्यांत धरावे, अंगठा काळ्या भागावर नको.

गणितवर्ग
पानावर दोन अशी काही कार्डे पुठ्ठ्यावर चिकटवून पाहिली, मागची रांग वाचली जाते. पण खिडकीकडची चार-पाच मुले अजून सुटतात.

प्रयोगवही
त्यांच्या पाठीशी खिडकी असणार. कॅमेरा बाहेरच्या उजेडाशी जुळवून घेतो आणि कार्ड काळवंडते. त्या खिडकीचे दार लावा किंवा तुम्हीच खिडकीकडे पाठ करून उभे राहा. फोन डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवा, प्रत्येक रांगेवर क्षणभर थांबा. आणि फोनचा पडदा मुलांना दिसू देऊ नका, बरोबर-चूक त्यावर रंगाने दिसते.

पाटीपेन्सिल
पडद्यावाचून काही अडत नाही. प्रश्न फळ्यावर लिहा. प्लिकर्समध्ये "प्र. १" एवढेच टाइप करून बरोबर पर्यायावर खूण करा, आणि पूर्ण प्रश्न टाचणवहीत उतरवून ठेवा, म्हणजे महिन्याने अहवाल पाहताना अर्थ लागेल. कार्ड क्रमांक म्हणजेच हजेरी क्रमांक ठेवा. यादीत पूर्ण नावांची गरज नाही, पहिले नाव पुरते.

माझ्या मते मात्र खरी मेहनत पर्यायांवर हवी. १/२ + १/३ साठी हे चार घ्या: ५/६, २/५, २/६, १/६. २/५ धरणारा अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतो. २/६ वाल्याला समान छेद कळला, पण अंश बदलायचे राहिले. १/६ वाल्याने गुणाकार केला. तिघांची चूक वेगळी, म्हणून उपायही वेगळा: २/५ जास्त आले तर सरळ कागदाच्या पट्ट्यांच्या घड्यांकडे परत जा, २/६ आले तर सममूल्य अपूर्णांकांची उजळणी पुरे.

बरोबर उत्तरे साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये आली तर लगेच उत्तर फोडू नका. दोन मिनिटे शेजाऱ्याशी वाद घालू द्या आणि तोच प्रश्न पुन्हा घ्या. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ पासून वर्गात रुजवलेली पद्धत हीच. ३० च्या खाली असेल तर चर्चेत हशील नाही, पुन्हा शिकवावे लागते.

खडूफळा
नेट नसेल त्या दिवसासाठी प्रत्येकाच्या वहीत एक कागद चार घड्या घालून अ, ब, क, ड लिहून ठेवा. मुले डोळे मिटून छातीशी धरतील, तुम्ही नजरेने मोजा. नोंद राहत नाही आणि डोळे उघडले की नक्कल होते. प्लिकर्समध्ये प्रत्येक कार्डाची आकृती वेगळी, त्यामुळे शेजाऱ्यासारखे धरूनही उपयोग नसतो.

गणितवर्ग
मनापासून आभार. पूर्ण ४० चा संच पुन्हा छापतो. ३९ आणि ४० ही दोन कार्डे वर्षाच्या मध्ये येणाऱ्या मुलांसाठी राखून ठेवतो.