जुन्या फ्रिजमध्ये एचसी (हायड्रोकार्बन) ब्लेंड भरावा का?

डोंबिवलीकर: आमचा 2009 चा फ्रिज, 134ए (थंडाव्याचा जुना, न पेटणारा गॅस) वाला, गॅस लीक झालाय. मेकॅनिक म्हणतो प्रोपेन-आयसोब्युटेनचा ब्लेंड, म्हणजे दोन पेटणाऱ्या गॅसचं मिश्रण, भरतो, लाइट बिल पण कमी येईल. भरू का? बायको म्हणते घरात बॉम्ब नको.

टॉर्चवाला: बिनधास्त भरा. वहिनींना सांगा ओट्याखाली 14.2 किलोचा सिलिंडर आहे तो चालतो आणि फ्रिजमधले 50-60 ग्रॅम चालत नाहीत होय? आणि हे नवीन फॅड पण नाही, जर्मनीत 1993 पासून घराघरात हेच फ्रिज, आपल्याकडे गोदरेजने 2001 च्या सुमारास आणले. 134ए चे 120 ग्रॅम हवेत सोडले की जवळपास 170 किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं आहे, आयसोब्युटेनचं त्यापुढे काहीच नाही.

खुसपट: टॉर्चवाले, सिलिंडरला वास मारलेला असतो हो, लीक झाला की कळतं. फ्रिजच्या गॅसला वासच नाही. आणि स्वयंपाकघराचा हिशोब काय लावताय, फ्रिजच्या डब्याचा लावा. 200 लिटरच्या बंद डब्यात 10 ग्रॅम जरी गळला तरी पेट घेण्याइतकं मिश्रण होतं. आता आतला थर्मोस्टॅट (थंडावा बघून मशीन चालू-बंद करणारा स्विच) टक् करून चालू होतो तेव्हा ठिणगी पडते की नाही? कंपनीच्या 600ए (म्हणजे आयसोब्युटेन) फ्रिजात हे पार्ट सीलबंद देतात, कॉम्प्रेसरवर ज्योतीचा पिवळा त्रिकोण असतो. यांच्या 2009 च्या डब्यात काय आहे?

टॉर्चवाला: मान्य, थर्मोस्टॅट बाहेर काढून लावायचा, मी पण मेकॅनिकच, तसंच करतो. पण बिल कमी होतं हे खोटं नाही. नुसता 600ए टाकला तर कॉम्प्रेसर छोटा पडतो म्हणून तर प्रोपेन मिसळायचा, प्रेशर जुन्या गॅसच्या जवळ येतं, मशीन बदलायला लागत नाही.

खुसपट: आणि ब्लेंड गळायला लागला की प्रोपेन आधी जातो, मागे वेगळंच मिश्रण उरतं. मग तुम्ही वरून थोडा मारून देता, वजन न करता, हात लावून पाइप गार लागला की "झालं साहेब". ग्रॅमवर चालणारं काम आहे ते. बिल कमी आलंच तर निम्मं श्रेय तुम्ही बदललेल्या फिल्टरला आणि दाराच्या नव्या रबराला.

टॉर्चवाला: वजनकाटा आहे माझ्याकडे, फोटो टाकू का?

आजीचा_फ्रिज: एक सांगते, आमच्याकडे एकाने चक्क शेगडीचा गॅस भरला होता, बचत म्हणे. त्यात ओल, सल्फर, काय काय असतं, कॅपिलरी (गॅसची बारीक नळी) चोंदून महिन्यात बर्फ पडायचा बंद.

टॉर्चवाला: त्याला ब्लेंड म्हणत नाहीत ताई, त्याला चोरी म्हणतात.

डोंबिवलीकर: मेकॅनिकला फोन केला, वजनकाटा आहे का विचारलं. म्हणाला "अंदाज पक्का आहे आपला". थर्मोस्टॅटचं विचारायच्या आधीच फोन ठेवला मी. दूध सध्या शेजारच्या काकूंकडे आहे.