मदत हवी आहे: मास्किंग टेपबरोबर प्रायमरही सोलून येतोय

१/४८ स्केलचं विमानाचं मॉडेल किट, साधं पॉलिस्टायरीन प्लास्टिक. पाण्यावर चालणारा पॉलियुरेथेन प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) एअरब्रशने (०.३ मिमी नोझल, २० पीएसआय, पातळ न करता) दोन हलक्या हातांत मारलाय, वर अ‍ॅक्रिलिक रंग. कॅमोफ्लाजची टेप काढताना पंखावरचा प्रायमर दुधावरच्या सायीसारखा निघाला. खाली कोरं प्लास्टिक.

विचारलं जाणारच म्हणून आधीच सांगतो. भाग भांड्यांच्या लिक्विड सोपने धुतले होते, नंतर आयपीएनेही (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसले. प्रायमर ४८ तास सुकू दिला, पण हवा पावसाळी, दमट. टेपचा चिकटपणा तळहातावर लावून कमी केला होता, काढतानाही ती मागे दुमडून हळू ओढली. एक गोष्ट मात्र लक्षात आली: जोडावर पुटी घासताना जिथे १००० नंबरचा पॉलिश पेपर फिरला होता, तिथला प्रायमर जागचा हललेला नाही.

सोललेल्या जागेची कड घासून सपाट करायला गेलं की हा प्रायमर भुकटी न होता रबरासारखा फाटतो, कड आणखी उचलते. लॅकर प्रायमर (उग्र सॉल्व्हंटवाला) प्लास्टिकला धरतो हे माहीत आहे, पण घर लहान, स्प्रे बूथ नाही. बाल्कनीत कॅनने मारणं तेवढं जमेल. कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) चिकटवून झालीये, त्यामुळे प्रायमर काढायला अख्खं मॉडेल आयपीएत बुडवायची तयारी नाही.

तर, फक्त पंखांवरचा प्रायमर काढून तिथे लॅकर मारला, तर जिथे तो उरलेल्या पॉलियुरेथेनवर चढेल तिथे खालचा थर सुरकुतेल का? की पंख २००० नंबरने हलके घासून हाच प्रायमर पुन्हा मारावा, आणि तसं केलं तर बारीक रिव्हेट टिकतील का?