रिॲक्टिव्ह लिम्फोसाइट की ब्लास्ट? स्मिअर बघताना दरवेळी घाबरायला होतं

नवी_बेंचवर
हिमॅटॉलॉजीच्या (रक्ततपासणीच्या) बेंचवर येऊन चारच महिने झालेत. परवा १७ वर्षांच्या मुलाचं सॅम्पल आलं, ताप, घसा दुखतोय, मानेत गाठी, डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशी) १८ हजार आणि मशीनने ब्लास्टचा, म्हणजे ल्युकेमियात दिसणाऱ्या कच्च्या पेशींचा, फ्लॅग टाकलेला. स्मिअरची (काचेवर ओढलेल्या रक्ताच्या पातळ थराची) स्लाईड लावली तर मोठमोठ्या निळ्या पेशी, एकीत तर न्यूक्लिओलस (न्यूक्लिअसमधला गोल ठिपका) पण स्पष्ट दिसला, माझे हातपायच गार पडले आणि मी सरळ "मॅडम ब्लास्ट आहेत" म्हणत पळाले. मॅडमनी दोन मिनिटं बघितलं, "अगं मोनो आहे हा" म्हणाल्या आणि स्लाईड परत हातात. मोनो म्हणजे मोनोन्यूक्लिओसिस, ईबीव्ही विषाणूचा ताप; नंतर ईबीव्ही पॉझिटिव्ह आलाच. पुस्तकातल्या फोटोत सगळं कळतं हो, पण आयपीसला डोळा लावला की सगळ्या सारख्याच वाटतात. तुम्ही नक्की काय बघता?

जुना_काउंटर
सगळ्यात आधी, एका पेशीवर जीव लावू नकोस. न्यूक्लिओलस दिसला म्हणजे ब्लास्ट असं काही नसतं, रिॲक्टिव्हमधल्या (संसर्गाने चेतवलेल्या लिम्फोसाइट, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) इम्युनोब्लास्टसारख्या पेशीतही तो मस्त दिसतो. मी अख्खी गर्दी कशी आहे ते बघतो. मोनोमध्ये जत्रा असते, एक मोठी एक छोटी, एकीचा न्यूक्लिअस गोल तर दुसरीचा वेडावाकडा, कोणाचं कोणाशी जुळत नाही. ल्युकेमियात बहुतेक वेळा सगळ्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या. दुसरं म्हणजे सायटोप्लाझम बघ, रिॲक्टिव्ह पेशीत तो भरपूर आणि फिकट निळा असतो, शेजारच्या लाल पेशीला बिलगून तिच्याभोवती वळतो आणि जिथे टेकतो तिथली कड गडद होते. ब्लास्टमध्ये न्यूक्लिअसनेच जवळजवळ सगळी जागा खाल्लेली, कडेला निळी रेघ उरली तर उरली, आणि क्रोमॅटिन (न्यूक्लिअसमधलं द्रव्य) चाळलेल्या पिठासारखं बारीक.

आणि हो, हिमोग्लोबिन प्लेटलेट बघितल्यास का? मोनोमध्ये प्लेटलेट थोड्या घसरतात कधीकधी पण अक्यूट ल्युकेमियात बहुतेकदा दोन्हीकडे मार बसलेला असतो. आकडे न बघता स्लाईडवर उडी मारणं ही आपल्या सगळ्यांचीच खोड आहे.

स्टेनवाला
वरचं सगळं बरोबर, पण सॅम्पल किती वेळ पडलं होतं ते कोणी विचारलंच नाही! ईडीटीएमध्ये (रक्त गोठू न देणारं रसायन) रक्त तासन् तास राहिलं की लिम्फोसाइटच्या न्यूक्लिअसला घड्या पडतात, मोनोसाइटमध्ये व्हॅक्युओल येतात आणि साध्या पेशी पण भयानक दिसायला लागतात. स्मिअर दोन तासांच्या आत ओढायचा. लिशमनला (स्लाईड रंगवायचा रंग) बफर ६.८ पीएचचा, तो बिघडला की सगळी स्लाईड एकतर निळी नाहीतर गुलाबी आणि मग क्रोमॅटिनवर वाद घालण्यात अर्थच नाही. आधी १० च्या लेन्सवर स्मिअरची शेपटी आणि कडा फिरून ये, मोठ्या पेशी ओढल्या जाऊन तिथेच जमतात. काउंट मात्र लाल पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात त्या भागात.

म्हाताऱ्या पेशंटमध्ये छोट्या छोट्या एकसारख्या लिम्फोसाइट आणि मध्ये मध्ये चिरडलेल्या पेशींचे डाग दिसले तर सीएलएल (लिम्फोसाइटचा सावकाश वाढणारा ल्युकेमिया) डोक्यात ठेव. हे डाग फारच असतील तर रक्ताच्या पाच थेंबांत २२ टक्के अल्ब्युमिनचा एक थेंब टाकून परत स्मिअर ओढ, पेशी शाबूत राहतात.

गाठी_बघणारी
मी हिस्टोपॅथवाली (काढलेल्या गाठी, तुकडे मायक्रोस्कोपखाली बघणारी), त्यामुळे दुसऱ्या टोकाची गोष्ट सांगते. त्याच मुलाची मानेची गाठ कोणी काढून पाठवली असती तर मलाही घाम फुटला असता, कारण मोनोच्या गाठीत रीड-स्टर्नबर्गसारख्या (हॉजकिन या लिम्फ गाठींच्या कॅन्सरची ओळख असलेल्या) दिसणाऱ्या पेशी सापडतात, दोन न्यूक्लिअस, आत मोठे लाल न्यूक्लिओलस, घुबडासारखे रोखून बघणारे. नुसत्या त्या बघून हॉजकिन लिहिलं तर फसलो. भोवतालची पार्श्वभूमी आणि इम्युनो (पेशीवरची प्रथिनं ओळखणारी तपासणी) दोन्ही लागतात, आणि तिथेही सीडी३० या एकट्या प्रथिनावर विसंबता येत नाही कारण रिॲक्टिव्ह इम्युनोब्लास्टही ते घेतात. स्टर्नबर्गनी १८९८ मध्ये या पेशींचं वर्णन केलं तेव्हा हा टीबीचाच प्रकार असं त्यांना वाटलं होतं, डोरोथी रीडनी १९०२ मध्ये दोन्ही आजार वेगळे असल्याचं मांडलं. म्हणजे गोंधळणारी तू पहिली नाहीस गं.

नवी_बेंचवर
हुश्श. पण मग पुढच्या वेळी डाउट आला तर पळू की नको?

जुना_काउंटर
पळच. विशेषतः प्रोमायलोसाइट (पांढऱ्या पेशींची कच्ची अवस्था) दिसले, दाण्यांनी खच्चून भरलेले, न्यूक्लिअस मधोमध दुमडलेला आणि आत ऑअर रॉडची (लालसर काड्या) मोळी, तर काउंट पूर्ण करत बसू नकोस, फोन कर. एपीएलमध्ये (या पेशींचा अक्यूट ल्युकेमिया) रक्तस्रावाने काही तासांत पेशंट हातचा जाऊ शकतो, म्हणून जेनेटिकचा रिपोर्ट यायच्या आधी नुसत्या संशयावर एटीआरए हे औषध सुरू करतात. दाणे बारीक असलेला प्रकार पण असतो, तिथे मोनोसाइट समजून चुकायला होतं, न्यूक्लिअस डंबेलसारखा दिसला की सावध.

नवी_बेंचवर
आज मॅडमकडून ती स्लाईड परत मागून घेतली. १० वर फिरले, मग ऑइलवर. जत्राच आहे हो! आणि ती गडद कड, ती तर जवळपास प्रत्येक फील्डमध्ये आहे, परवा मला एकदाही दिसली नव्हती.